बायोस अपडेटनंतर प्रोसेसर डळमळतो तेव्हा : आधी 'ऑटो'ची चौकशी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेल कोअर आय९-१४९००के असलेला डेस्कटॉप जुन्या बायोसवर (मशिन सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) नीट चालत होता. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरचा नवा बायोस टाकला आणि तापमान दहा-बारा अंशांनी वाढले. मशिन नुसते बसून असतानाही कोअर व्होल्टेज १.४५च्या आसपास दिसते आणि गेम मधेच बंद पडतात. सेटिंग्जना हात लावलेला नाही, सगळे 'ऑटो'वर आहे. आता जुना बायोस परत टाकावा, की व्होल्टेज हाताने वाढवावे?

आज तरी दोन्ही करू नका. तुमच्या वर्णनात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि माझ्या मते तिघींची कारणे वेगवेगळी आहेत. एकच नट पिळून तिन्ही जाणार नाहीत.

पहिली गोष्ट त्या 'ऑटो'ची. सगळे ऑटोवर आहे म्हणून काही बदललेले नाही, असे आपण समजतो. ऑटो म्हणजे मदरबोर्ड कंपनीने तुमच्या वतीने घेतलेला निर्णय, आणि तो बायोसच्या प्रत्येक आवृत्तीत बदलू शकतो. मेन्यूत तोच शब्द दिसतो, मागचा आकडा वेगळा असतो. शिवाय बायोसच्या एका फाइलमध्ये बऱ्याच गोष्टी एकदम येतात : प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या वागणुकीत दुरुस्त्या करणारा कोड), रॅम सुरू करून तिचे ट्रेनिंग (सिग्नल जुळवून घेणे) करणारा कोड, बरेचदा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचे फर्मवेअर, आणि बोर्ड कंपनीचे स्वतःचे डिफॉल्ट मूल्यांचे तक्ते. एएमडीच्या बोर्डांवर यातला मोठा भाग 'अगेसा' नावाने येतो. म्हणून 'अपडेटने बिघडले' एवढ्यावर कुणी इलाज सांगितला तर तो अंदाजच असतो.

तुमच्या प्रोसेसरच्या बाबतीत थोडी पार्श्वभूमी लागेल. २०२४पर्यंत महागड्या बोर्डांवर पॉवर लिमिट जवळजवळ काढूनच टाकलेली असे. मर्यादेच्या जागी ४०९५ किंवा ४०९६ वॅट लिहिलेले दिसायचे, म्हणजे मर्यादाच नाही. त्याच वेळी बेंचमार्कमध्ये (वेग मोजणाऱ्या चाचण्यांत) तापमान आटोक्यात राहावे म्हणून बरेच बोर्ड व्होल्टेजमध्ये हळूच काटकसर करत. मग तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. इंटेलने बोर्ड कंपन्यांना 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' वापरायला सांगितले आणि मायक्रोकोड एकामागून एक सुधारले. जून २०२४मधल्या ०एक्स१२५ने थर्मल व्हेलॉसिटी बूस्टच्या (चिप थंड असताना वेग आणखी वाढवण्याच्या सोयीच्या) गणितातली चूक दुरुस्त केली. ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ने प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टपर्यंत बांधली. सप्टेंबरमधल्या ०एक्स१२बीने रिकाम्या वेळी आणि हलक्या कामात होणारी जादा मागणी कमी केली. मे २०२५मध्ये ०एक्स१२एफ आला, तो दिवसेंदिवस बंद न करता हलक्या कामावर चालणाऱ्या मशिन्ससाठी. तुमचा जुना बायोस ०एक्स१२बीच्या आधीचा असेल, तर मागे जाण्याचा विषय इथेच संपला.

आता तापमान. इथे थोडे थांबू, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो.

प्रोसेसर बोर्डाकडे व्होल्टेज मागतो. बोर्डाच्या पुरवठ्यातून करंट वाहिला की वाटेत थोडे व्होल्टेज पडते. लांब पाइपातून जास्त पाणी ओढले की नळाशी दाब कमी होतो, तसेच. ही घट मिलिओममध्ये मोजतात, तिला लोडलाइन म्हणतात. किती घट होणार हे प्रोसेसरला स्वतःला कळत नाही, ते बायोस त्याला 'एसी लोडलाइन' या मूल्यातून सांगतो. प्रोसेसर तेवढे गृहीत धरून आधीच जास्त मागतो. प्रत्यक्ष किती घट होऊ द्यायची ते मात्र दुसरे सेटिंग ठरवते, लोडलाइन कॅलिब्रेशन म्हणजे एलएलसी. हे दोन्ही आकडे जुळले तर प्रोसेसरला हवे तेवढेच मिळते. एसी लोडलाइन लहान आणि प्रत्यक्ष घट मोठी असेल, तर नकळत अंडरव्होल्ट होतो. उलटे असेल तर ओव्हरव्होल्ट.

आकडे घालून बघा. समजा एका फ्रिक्वेन्सीला चिपला १.२५ व्होल्ट लागतात आणि सगळे कोअर मिळून १५० अँपियर ओढताहेत. बोर्डाची प्रत्यक्ष लोडलाइन १.१ मिलिओम, म्हणजे घट ०.१६५ व्होल्ट. जुन्या बायोसच्या ऑटोमध्ये एसी लोडलाइन ०.५ होती असे धरू. प्रोसेसरने १.३२५ मागितले, हाती आले १.१६. गरजेपेक्षा ९० मिलिव्होल्ट कमी. मशिन थंड, बेंचमार्क छान, मालक खूश. नव्या बायोसने इंटेलच्या कमाल मूल्याप्रमाणे तीच लोडलाइन १.१ केली. आता मागणी १.४१५, हाती १.२५. फ्रिक्वेन्सी तीच राहिली तर वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे सुमारे १६ टक्के. तुमचे दहा-बारा अंश इथून आले असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. प्रोसेसरला काहीही झालेले नाही. आधी मिळत नव्हते ते आता मिळते आहे.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'एलएलसी कडक करा, स्थिर होईल'. वरच्याच उदाहरणात एलएलसी कडक करून प्रत्यक्ष लोडलाइन ०.४वर आणली, तर प्रोसेसर १.४१५ मागणारच आणि घट फक्त ०.०६ होणार. हाती १.३५५, गरजेपेक्षा शंभराहून जास्त मिलिव्होल्ट. वर लोड अचानक सुटतो त्या क्षणी व्होल्टेजची उसळी येते ती वेगळीच. भर म्हणून एलएलसीच्या पायऱ्यांचे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले : असूसवर मोठा आकडा म्हणजे कडक, एमएसआय आणि एएसरॉकवर १ म्हणजे सर्वांत कडक. दुसऱ्याच्या बोर्डाचा 'लेव्हल ४' बघून आपल्या बोर्डावर तोच लावणारे लोक मी पाहत आलो आहे, आणि त्यांना थांबवणे कठीण असते.

एसी लोडलाइन हे नाव सगळ्या बोर्डांवर सरळ दिसेलच असे नाही. असूसवर ती 'एसव्हीआयडी बिहेविअर'मागे लपलेली असते. त्यातला 'इंटेल फेल सेफ' हा पर्याय व्होल्टेज सढळ देतो. एमएसआयवर तिचे नाव 'लाइट लोड'. गिगाबाइटवर 'इंटर्नल एसी-डीसी लोडलाइन' असे काहीसे सापडेल. सोबतची डीसी लोडलाइन चिपला मिळणारे व्होल्टेज बदलत नाही, तिच्यावरून प्रोसेसर स्वतःच्या वीजवापराचा हिशेब मांडतो. ती एलएलसीशी जुळलेली नसेल तर पॅकेज पॉवरचा आकडा खोटा येतो. मग पॉवर लिमिटही त्या खोट्या आकड्यावरच लागते.

दुसरी तक्रार, बसल्या मशिनवर १.४५ व्होल्ट. हे वाचून घाबरायला होते खरे, पण यात लोडलाइनचा हात जवळजवळ नाही, कारण करंटच नगण्य असतो. २० अँपियरला ०.५ आणि १.१मधला फरक १२ मिलिव्होल्ट भरतो. हे व्होल्टेज येते वरच्या फ्रिक्वेन्सीमुळे. १४९००के एक-दोन कोअरवर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि तिथे चिपच्या स्वतःच्या व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी वक्राप्रमाणे तेवढे लागतेच. ब्राउझरची एक टॅब उघडली तरी क्षणभर ती उडी येते, आणि निरीक्षणाचे सॉफ्टवेअर स्वतःच कोअरला जागे करते तो भाग वेगळा. एचडब्ल्यूइन्फो या निरीक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कमाल'चा रकाना सोडून सरासरी बघा. प्रोसेसरने मागितलेले व्हीआयडी आणि प्रत्यक्ष मिळालेले व्होल्टेज यांत गल्लत करू नका. तुमच्या बोर्डावर 'व्हीआर व्हीआउट' किंवा डाय-सेन्स (थेट चिपपाशी मोजलेले) वाचन असेल तर तेच धरा. सॉकेटजवळ मोजलेले व्हीकोअर लोडखाली प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. तरीही १.५च्या वरच्या उड्या वारंवार दिसत असतील, तर बायोसमध्ये 'आयए व्हीआर व्होल्टेज लिमिट' हे सेटिंग शोधा. तिथे १४०० ते १४५० मिलिव्होल्टची सीमा घातली की प्रोसेसर त्यात बसेल तेवढीच फ्रिक्वेन्सी घेतो. एक-दोन कोअरचा वेग थोडा घटतो, रोजच्या वापरात तो जाणवत नाही. मला हे सेटिंग सरसकट अंडरव्होल्ट करण्यापेक्षा जास्त पटते.

तिसरी तक्रार म्हणजे गेम बंद पडणे, आणि खरी काळजी हिचीच. इथे साधा तर्क लावा. अपडेटनंतर लोडखालचे व्होल्टेज वाढले आहे आणि तरी मशिन कोसळते आहे. मग 'व्होल्टेज कमी पडते' हे निदान बसत नाही, आणि आणखी वाढवणे हा उपायही बसत नाही. दोन संशयित उरतात : रॅम, किंवा आधीच झिजलेली चिप.

रॅमवर संशय पहिला. बायोस बदलला की रॅमचे ट्रेनिंग नव्याने होते, तेही नव्या कोडने. डीडीआर५च्या मशिनवर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना कित्येक मिनिटे काळा पडदा दिसतो तो यामुळेच. त्या वेळी पॉवरचे बटण दाबू नका. एक्सएमपी (रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणारे तयार सेटिंग) हे ओव्हरक्लॉकिंग आहे, त्याच्या नावात काहीही असो. या प्रोसेसरवर रॅमचा अधिकृत वेग ५६०० आहे, चार स्टिक लावल्या तर त्याहून बराच कमी. जुन्या बायोसमध्ये ७२००ची रॅम चालत होती म्हणजे ती काठावर चालत होती, इतकेच सिद्ध होते. नव्या आवृत्तीने सिस्टिम एजंटचे (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचे) ऑटो व्होल्टेज किंवा एखादे दुय्यम टायमिंग थोडे इकडे-तिकडे केले की काठ ओलांडला जातो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आताच्या सगळ्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा. मग सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसा) आणि डिफॉल्ट लोड करा. जुन्या आवृत्तीत साठवलेले प्रोफाइल नव्या बायोसमध्ये लोड करू नका. आवृत्ती बदलली की त्यातली मूल्ये जागच्या जागी बसतीलच याचा भरवसा नसतो. इंटेल डिफॉल्टचा 'परफॉर्मन्स' पर्याय निवडा, त्यात तुमच्या चिपसाठी कमाल पॉवर २५३ वॅट आणि करंट ३०७ अँपियर आहे. 'एक्स्ट्रीम'मध्ये करंट ४०० अँपियरपर्यंत जाऊ देतात, त्याची आता गरज नाही. एक्सएमपी बंद. मल्टिकोअर एन्हान्समेंटसारखे जे काही मर्यादा उठवते ते बंद. या अवस्थेत रोजचा वापर करा, तोच गेम खेळा. कोसळणे थांबले तर प्रोसेसर बहुधा ठीक आहे आणि काम रॅमचे आहे. एक्सएमपी एक-दोन पायऱ्या कमी वेगाने लावून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा.

या अवस्थेतही कोसळत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी शोधा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरने पकडून दुरुस्त केलेली चूक, १८ क्रमांक म्हणजे न सावरलेली. नोंदीत एपिक आयडी असतो, त्यावरून कोअर कळतो. दर वेळी तोच एक कोअर येत असेल तर रॅमवरचा संशय जवळपास संपतो. या पिढीत झिजलेल्या चिपची आणखी काही लक्षणे ठरलेली आहेत : ग्राफिक्स ड्रायव्हरचे इन्स्टॉलर फाइल उलगडताना अडकणे, मोठी झिप फाइल कधी नीट उघडणे तर कधी खराब असल्याचे सांगणे, आणि अनरिअल इंजिनवरच्या गेममध्ये ग्राफिक्स कार्ड रिकामे असताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश. कॉम्प्रेस केलेला डेटा उलगडताना एक बिट चुकला तरी सगळे फसते, म्हणून झीज तिथे आधी दिसते.

कारण इंटेलने नंतर जाहीर केले. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधल्या क्लॉक ट्री सर्किटला (क्लॉकचा ताल सगळीकडे पोचवणाऱ्या) अकाली वय येते, क्लॉकच्या चालू-बंद काळाचे प्रमाण सरकते आणि त्याच फ्रिक्वेन्सीला लागणारे किमान व्होल्टेज वाढते. याचा अर्थ नवा मायक्रोकोड पुढची झीज आवरतो, झालेली भरून काढत नाही. पुष्कळांना अपडेटनेच प्रोसेसर बिघडवला असे वाटते, त्यातल्या बऱ्याच चिप्स आधीच तिथवर पोचलेल्या असतात.

चाचणीबद्दल एक सूचना. प्राइम९५चे स्मॉल एफएफटी किंवा सिनेबेंच तासभर चालले म्हणून निश्चिंत होऊ नका. सगळ्या कोअरवर पूर्ण लोड असताना फ्रिक्वेन्सी खाली आलेली असते. चिप अडखळते ती वर, एकट्या कोअरच्या बूस्टमध्ये. त्यासाठी कोअरसायक्लर घ्या, तो एकेका कोअरवर आलटून-पालटून काम टाकतो. जोडीला वाय-क्रंचर ही गणिती चाचणी. मग पी-कोअरची (वेगवान कोअरची) कमाल फ्रिक्वेन्सी दोन-तीनशे मेगाहर्ट्झ उतरवून तेच परत चालवा. उतरवल्यावर चुका थांबल्या, तर वरच्या टोकाचे व्होल्टेज पुरत नाही हे उघड झाले. डिफॉल्ट सेटिंग्जवर असे होणे म्हणजे चिप सदोष. फ्रिक्वेन्सी उतरवून वापरत राहू नका, झीज पुढे गेली की तीही पुरणार नाही.

सगळे स्थिर ठरले आणि फक्त उष्णता खुपत असेल, तर मग एसी लोडलाइन हळूहळू खाली आणा. ०.१च्या पायरीने, दर पायरीला चाचणी. इथे एक सापळा आहे. करंट एक्सकर्शन प्रोटेक्शन म्हणजे सीईपी चालू असेल, तर व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खाली दिसताच प्रोसेसर क्लॉक ताणतो. स्क्रीनवर फ्रिक्वेन्सी तीच राहते, काम मात्र मंदावते, तापमानही सुंदर दिसते. एचडब्ल्यूइन्फोमधला 'इफेक्टिव्ह क्लॉक' आणि बेंचमार्कचा गुण दोन्ही सोबत पाहिले नाहीत, तर ही फसवणूक लक्षात येत नाही. गुण घसरला की एक पायरी वर या.

एएमडी वापरणाऱ्यांसाठी थोडेसे, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. एप्रिल २०२३मध्ये रायझेन ७०००एक्स३डी चिप्स जळाल्याच्या घटना पुढे आल्या, त्यानंतर एएम५ (या चिप्सचे सॉकेट) बोर्डांवर एसओसी व्होल्टेजला (रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला) १.३० व्होल्टची मर्यादा आली. त्याआधी काही बोर्ड एक्स्पो (एक्सएमपीचा एएमडीकडचा अवतार) चालू करताच त्याहून वर नेत असत. अपडेटनंतर तुमची वेगवान रॅम अडखळायला लागली तर त्यामागे ही मर्यादा असू शकते. रॅमचा वेग कमी करा, मर्यादेशी भांडू नका. कर्व्ह ऑप्टिमायझरचे (व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी वक्र वर-खाली करणाऱ्या सेटिंगचे) जुने उणे आकडे नव्या अगेसावर तसेच ठेवू नका, शून्यावर आणून नव्याने तपासा. तिथेही लोडखाली ठणठणीत आणि रिकामे असताना अचानक रीस्टार्ट, सोबत १८ क्रमांकाची नोंद, हे उणे आकडा फार खाली गेल्याचे नेहमीचे लक्षण आहे. आणि अपडेटनंतर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचा का असे विचारणारा पडदा आला, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय 'हो' दाबू नका.

उरला तुमचा मूळ प्रश्न, जुना बायोस परत टाकण्याचा. तुमच्या चिपवर ०एक्स१२बीच्या मागे जाणे मी कोणालाही सुचवणार नाही, मशिन तिथे कितीही थंड चालत असो. नव्यातल्याच दोन आवृत्त्यांपैकी एक बोर्डावर रॅमला त्रास देत असेल, तर त्या दोघींत पुढे-मागे करायला हरकत नाही. फक्त काही बोर्ड ठरावीक आवृत्तीनंतर मागे जाऊ देत नाहीत, आणि मॅनेजमेंट इंजिनचे फर्मवेअर बायोससोबत मागे येईलच असे नाही. त्या आवृत्तीच्या पानावरची टीप आधी वाचा.

चिप सदोष निघाली तर वॉरंटीकडे वळा. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या या आजाराच्या टप्प्यात येणाऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरची मुदत इंटेलने दोन वर्षांनी वाढवली, त्यामुळे बॉक्समधून घेतलेल्या चिपला एकूण पाच वर्षे मिळतात. तयार मशिनमध्ये आलेली असेल तर दावा मशिन बनवणाऱ्या कंपनीकडे करायचा. अर्जासोबत बायोसची आवृत्ती, मायक्रोकोडचा क्रमांक, डिफॉल्ट सेटिंग्जचे फोटो, एक्सएमपी बंद असताना आलेल्या डब्ल्यूएचईए नोंदी आणि कोअरसायक्लरने दाखवलेला कोअर एवढे जोडा. एवढे कागद हातात असले की 'बायोस अपडेट करून बघा' हे पहिले उत्तर टळते.